गायझरसमोर तोंडी परीक्षा

कृष्णा नदी अरबी समुद्राला मिळते, असं मी बायकोला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिने एक काडी मोडली, पानं परातीत टाकली आणि म्हणाली, "हो का? बरं झालं. जवळ पडेल तिला."

मी वाट पाहिली. तिच्या कपाळावर आठी येईल, चष्म्यावरून एक नजर येईल आणि पाठोपाठ, "तुम्ही आपले विजेच्या खांबांबद्दल बोला," हे ठरलेलं वाक्य येईल, म्हणून. काहीच आलं नाही. मेथी निवडून झाली. हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरातल्या त्या नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात कृष्णा पश्चिमेला वाहत राहिली आणि तिला कोणी अडवलं नाही.

ही बाई पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवत होती. भूगोलातली चूक तिला भातातल्या खड्यासारखी लागायची. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हा मी मावळत्या सूर्याकडे बोट दाखवून, जमेल तेवढ्या हळव्या आवाजात म्हणालो होतो, "ती बघ पश्चिम." ती म्हणाली, "नेमकी पश्चिम नाही. डिसेंबर आहे. सूर्य दक्षिणेकडे सरकलाय." त्या संध्याकाळपासून आमच्या संसारात दिशा ठरवण्याचं खातं तिच्याकडे गेलं आणि फ्यूज बदलण्याचं माझ्याकडे राहिलं.

फ्यूज बदलणं हा माझा पेशाच होता. मी वीज खात्यातला माणूस. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मुलीने आम्हां दोघांना न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला कायमचं आणलं. ती इथे दुधाच्या कारखान्यात इंजिनियर आहे, जावई कॉम्प्युटरमध्ये. आल्यावर पहिली दोन वर्षं बायको रोज सकाळी दक्षिण गोलार्धाबद्दल तक्रार करायची, सूर्य उत्तरेकडून जातो म्हणून. मग तक्रारी कमी झाल्या. आम्हाला वाटलं, रमली. ती रमली नव्हती, विसरत चालली होती.

आधी शब्द गेले, मग शेजाऱ्यांची नावं, मग नातीचं नाव. माझं नाव तिने आयुष्यात कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे ते नक्की केव्हा गेलं हे कळायला मार्ग नव्हता. ती मला 'अहो' म्हणायची. अजूनही म्हणत होती. पण कुरियर आणून देणाऱ्या माणसालाही ती 'अहो' म्हणे, आणि त्याच्याकडे बघून जरा जास्तच गोड हसे. मी स्वतःची समजूत घातली होती की तिच्या हाकेत माझ्यासाठी काहीतरी निराळं आहे. असा पुरावा कोर्टात टिकला नसता.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दाखवून सगळं समजावलं होतं. मी मान डोलावली आणि एक अक्षर मान्य केलं नाही. आमच्या खात्यात गावातले दिवे गेले म्हणून वीज संपली असं कोणी म्हणत नाही. कुठेतरी जंपरची तार सुटलेली असते, कुठे तारेला वटवाघूळ चिकटलेलं असतं. खांबाखांबाने चालत जायचं, फॉल्ट शोधायचा. मेन लाइन शाबूत आहे आणि कुठेतरी एक काँटॅक्ट लूज आहे, असं माझं बायकोबद्दल ठाम मत होतं. एक झटका बसला की झालं.

म्हणून मी नद्या फिरवायला लागलो. ती चिडावी आणि मला दुरुस्त करावं, एवढाच हेतू. कृष्णेनंतर मी नाशिक गोदावरीवरून उचललं आणि तापीच्या काठावर ठेवलं. महाबळेश्वर कोकणात उतरवलं. सह्याद्री आडवा केला. एका दुपारी तर मी कर्कवृत्त न्यूझीलंडमधून नेलं आणि स्वतःच्याच धाडसाने जरा घाबरलो.

"हो का?" ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

चाळीसहून जास्त वर्षांत माझ्या एकाही विधानाला तिने सुखाने जाऊ दिलं नव्हतं. आता मी बोलेन तो नकाशा होत होता.

सोफ्यावर मोबाइल बघत पडलेल्या नातीने एकदा डोकं वर केलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आजोबा, दॅट्स सो राँग. आय चेक्ड. कृष्णा गोज टू द बे ऑफ बेंगॉल."

"तुला कुठे सांगतोय मी?"

"देन हू आर यू टेलिंग?"

मी चष्मा पुसायला घेतला.

त्या हिवाळ्यात ती दोनदा घराबाहेर गेली. एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीत सापडली. इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. तिथल्या गुजराती मालकाकडे ती रंगीत खडूंचा डबा मागत होती आणि तो बिचारा तिला एकेक चॉकलेट दाखवत होता. दुसऱ्यांदा ती मोठ्या रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर उभी होती. त्याशिवाय दूध गॅसवर ठेवून झोपणं वगैरे चालूच. एकदा आमच्या खोलीपर्यंत धूर आला. मुलीने गॅसच्या बटणांना कुलपं बसवली. तेव्हापासून बायकोला दिवसातून कधीही आठवायचं की गॅस चालू राहिलाय, आणि ती उठून स्वयंपाकघराकडे धावायची.

मग रेस्ट होममधून, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमातून, फोन आला. मुलीने मला न सांगता तिथे आईचं नाव घालून ठेवलं होतं. स्मृती गेलेल्यांसाठी तिथे वेगळा भाग आहे, दाराला आकड्यांचं कुलूप असलेला. तिथे एक खोली रिकामी झाली होती. अशा ठिकाणची खोली कशी रिकामी होते हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

"सोमवारी हो की नाही सांगायचंय, बाबा," मुलगी म्हणाली.

"मला शनिवार दे."

"शनिवारी काय होणार आहे?"

"तिला गायझर दाखवू. रोटोरुआच्या पुढचा. ओळखला तिने, तर ती घरी राहणार. मी बघेन तिच्याकडे, चोवीस तास. तू मधे बोलायचं नाही."

"आणि नाही ओळखला तर?"

"तर तू म्हणशील तसं."

"बाबा, आई म्हणजे ट्रिप झालेला फीडर नाहीये, बटण दाबलं की चालू व्हायला."

"ते तुला काय माहीत? तू दुधाची इंजिनियर."

गायझरच का, ते सांगतो. सातवीच्या वर्गातला तिचा गायझरचा धडा शाळेत प्रसिद्ध होता. एकदा ती डबा विसरली म्हणून मी शाळेत गेलो आणि वर्गाबाहेर उभा राहून तो सगळा ऐकला. फळ्यावर तिने एक अरुंद, वाकडीतिकडी नळी काढली होती. "मुलींनो, खाली तापलेला खडक. त्यावर पाणी. त्या पाण्याला उकळायचंय. पण त्याच्या डोक्यावर या नळीतल्या पाण्याचं ओझं आहे. त्यामुळे शंभर अंश होतात, शंभराच्या पुढे जातात, तरी त्याला उकळता येत नाही. ते आतल्या आत तापत राहतं. मग कधीतरी वरचं थोडंसं पाणी बाहेर सांडतं. ओझं किंचित हलकं होतं. तेवढं पुरतं. खालच्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती डोक्यावरचं सगळं पाणी घेऊन आभाळात जाते." इथे ती पदर कमरेला खोचायची आणि दोन्ही हात असे वर फेकायची की बांगड्या कोपरापर्यंत यायच्या. मुली टाळ्या वाजवायच्या. मी दाराबाहेर, हातात डबा घेऊन, टाळ्या वाजवता येत नव्हत्या म्हणून मान हलवली.

तीस वर्षं तिने तो उसळवला आणि एकदाही डोळ्यांनी पाहिला नव्हता. हॅमिल्टनला आल्यावर जायचं ठरलं, ते एकदा पावसामुळे राहिलं आणि एकदा माझ्या कंबरेमुळे. तेव्हा वाटलं, कुठे जातोय गायझर.

शनिवारी सकाळी थालीपिठं, दह्याचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन निघालो. मुलगी गाडी चालवत होती. मी मागे बायकोशेजारी. त्या दिवसांत ती माझ्या हाताने जेवायची, मला केस विंचरू द्यायची. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं, पण मी बरा माणूस आहे असं तिचं मत झालेलं असावं. वाटेतल्या टिराऊ गावात थांबून तिला बाथरूमला नेऊन आणलं. पुढे पाइनची झाडं लागली आणि ती झाडं मोजायला लागली, पाचानंतर पुन्हा एक.

रोटोरुआ जवळ आलं तसा गंधकाचा वास गाडीत शिरला. सडक्या अंड्यांसारखा, असं सगळे म्हणतात. आमच्या घरात अंडं सडण्याइतकं टिकणं सोडा, कधी आलंच नाही, त्यामुळे माझा अनुभव तोकडा. बायकोने खिडकीकडे नाक नेलं आणि तिचा चेहरा उजळला.

"दिवाळी आली का हो?"

मी पुढच्या सीटवर मुलीचा खांदा दाबला. "बघितलंस? गंधक ओळखला."

"बाबा, ती फटाके म्हणतेय."

"फटाक्यात काय असतं?"

मुलीने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. मी जिंकलो होतो असं मला वाटलं. गंमत म्हणजे पुढची पंधरा-वीस मिनिटं मी खरोखर सुखात होतो. घरी बायकोची खुर्ची कुठे ठेवायची, दुपारी तिला कुठला धडा काढून द्यायचा, हे सगळं मी ठरवून टाकलं.

गायझरभोवती अर्धगोल बाकं मांडलेली होती, उघड्यावरच्या नाट्यगृहासारखी. आम्ही लवकर पोहोचलो. मी पुढे धावलो, सगळ्यांत पहिल्या रांगेत मधोमध तीन जागा बघितल्या आणि एकीवर रुमाल, दुसरीवर थर्मास, तिसरीवर माझी टोपी टाकली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझी हयात गेलेली.

"बाबा, इथे असं नाही करत," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

"म्हणून तर जागा मिळाली."

मधल्या जागेवर बायकोला बसवलं. समोर गायझर. तो बघून माझाच विरस झाला. चुना फासलेलं वारूळ असावं तसा एक पांढुरका सुळका, वर तोंड, तोंडातून चहाच्या कपाइतकी वाफ. मी तिच्याकडे पाहिलं. ती मागच्या रांगेतल्या बाईच्या कुत्र्याला शोधत होती. कुत्रा नव्हता.

मग रेनकोट घातलेली गाइड माइक घेऊन आली. "किआ ओरा," ती माओरीत म्हणाली. बायकोने हात जोडून नमस्कार केला. गाइडने तिच्याकडे बघून मान झुकवली आणि सांगायला सुरुवात केली. खाली अति तापलेलं पाणी, वर थोडं गार पाणी, गार पाण्याचं झाकण. मी शेजारी कुजबुजत मराठी करत होतो. "बघ, तुझंच सांगतेय. झाकण म्हणजे ओझं. तुझं ओझं." गाइड म्हणाली, आपला आपण उसळायचा तर हा एक-दोन दिवसांतून केव्हातरी उसळतो. पण पूर्वी इथे तुरुंगातले कैदी कपडे धुवायला यायचे, त्यांचा साबण पाण्यात पडला आणि पाणी आभाळात गेलं, असं सांगतात. साबणाने वरच्या पाण्याचा ताण सुटतो. तेव्हापासून रोज सकाळी साबण घालून त्याला उसळवतात. असं म्हणून तिने एक पिशवी उचलली आणि गायझरच्या तोंडात रिकामी केली.

मी थक्क झालो. हे धड्यात नव्हतं. मी ज्याच्यावर अख्खा संसार लावला होता, तो निसर्गाचा चमत्कार धुण्याच्या साबणावर चालत होता. मला मुलीपाशी कबूल करायचं नव्हतं, पण एकदम एक आशाही वाटली. ही लबाडी बघून बायको नक्की उठणार. "अहो बाई, असं नाही चालत," म्हणणार. मी तिच्याकडे वळलो.

ती गाइडच्या पायांकडे बघत होती. "बूट छान आहेत हिचे," ती म्हणाली.

काही मिनिटं काहीच झालं नाही. मग सुळक्याच्या तोंडाशी पांढरा फेस आला. तो वर चढला, फुगला, काठावरून ओघळला. लोकांनी मोबाइल वर केले. बायको ताठ झाली. तिच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं, मी शपथेवर सांगतो.

"आलं," ती म्हणाली.

"काय आलं? सांग ना. काय आलं?"

"उतू आलं. अहो, दूध उतू चाललंय. गॅस बंद करा."

ती उठली. समोरच्या दोरीकडे निघाली. मुलीने तिचा दंड धरला, "आई, आई, दूध नाहीये ते." आणि नेमकं त्याच वेळी आतून एक घुसमटलेला आवाज आला आणि पाणी वर गेलं. माडाच्या उंचीचं, त्याहून वर, पांढरंशुभ्र, सगळे आवाज गिळून टाकणारं. तिने फळ्यासमोर दोन्ही हात फेकून दाखवलं होतं, अगदी तस्सं. मागे लोक ओरडत होते. वारा फिरला आणि कोमट साबणपाण्याचा शिडकावा थेट पहिल्या रांगेवर आला. जागा मी धरलेल्या.

बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अशा वेळी नवऱ्याने काय करावं, हे सांगायला कुठल्या धड्याची गरज नाही. शाल काढावी, तिच्या डोक्यावर घालावी आणि तिला तिथून न्यावं. मी परीक्षा घेतली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, गायझरकडे पाठ करून, आणि पाण्याच्या आवाजाच्या वर आवाज काढून विचारायला लागलो. "खाली काय असतं? तापलेला काय? ख... खडक. वरच्या पाण्याचं काय असतं? ओ... म्हण, ओझं. ओझं कमी झालं की काय होतं? तुला येतं हे. तूच सांगायचीस. सांग. हे काय आहे? याला काय म्हणतात?"

"बाबा," मुलगी म्हणाली.

"थांब तू. येतंय तिला. सांग, काय म्हणतात याला?"

बायकोने तोंडावरचे हात काढले. पाय जुळवले. मान खाली घातली. केसांतून पाणी गालावर येत होतं ते तिने पुसलं नाही. आणि एका लहान मुलीच्या आवाजात, जो मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता, ती म्हणाली, "सर, माझा अभ्यास झाला नाही."

"उद्या पाठ करून येते, सर." तिने उजवा हात पुढे केला. तळवा वर, बोटं सरळ, डोळे घट्ट मिटलेले. पट्टीची वाट बघत.

त्या तळव्यावर गायझरचं पाणी पडत होतं. ती वर्गात कधीही मुलींवर हात उगारत नसे, हे मला ठाऊक होतं. त्यावरून मी तिला चिडवलंही होतं, तुझ्या मुली तुला घाबरत नाहीत म्हणून. असं का, हे विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या शाळेबद्दल ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. तिला सगळी दुनिया तोंडपाठ होती, त्यामुळे ती कधीकाळी कुणासमोर उत्तर न येता उभी राहिली असेल, हे डोक्यातच आलं नाही.

मी तिचा हात धरायला गेलो. ती दचकली आणि खांदे आवळून घेतले. मुलगी आमच्या मधे आली. "बस, बाबा," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मागे गायझर अजून चालूच होता. तो बराच वेळ चालतो म्हणे. लोक फोटो काढत होते आणि आम्ही त्यांच्या फोटोंमधून बाहेर पडलो.

पार्किंगमध्ये मी शेवटचा प्रयत्न केला. हसरा चेहरा करून म्हणालो, "पेपर रद्द झाला. सुट्टी." तिने माझ्याकडे न बघता मान हलवली, सरांचं म्हणणं ऐकल्यासारखी. तिचा विश्वास बसला नव्हता. ती मुलीच्या पलीकडून चालत होती, मधे मुलगी राहील अशी. गाडीत माझ्याशेजारी बसेना. तिला पुढे बसवलं. मी मागून थालीपीठ पुढे केलं तर तिने ओठ मिटले. तेच थालीपीठ मुलीने दिलं आणि तिने ते भराभर खाल्लं.

थोडं अंतर गेल्यावर ती मुलीकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "सर गेले का?"

मुलीने आरशात पाहिलं. मी मान हलवली.

"हो, आई. गेले."

मी सीटच्या मागे खाली सरकलो. गुडघे छातीशी, डोकं खिडकीच्या खाली. माझ्या कंबरेला ते मानवणारं नव्हतं, पण गेलेल्या माणसाला कंबर नसते. टिराऊ येईपर्यंत मी गेलेलाच राहिलो. पुढे त्या दोघी काहीबाही बोलत होत्या. बायको एकदा हसलीसुद्धा. वाफेच्या वासाचे माझे ओले कपडे अंगावरच वाळले.

मला वाटलं होतं, घरी पोहोचेपर्यंत ती विसरेल. ती बाकी सगळं विसरते. सकाळी चहा प्यायला हे चहाचा कप हातात असताना विसरते. रविवारी सकाळी मी खोलीत गेलो आणि ती पलंगावरून उठून उभी राहिली. पाय जुळवले. मी बाहेर आलो, स्वेटर बदलला, चष्मा काढून ठेवला, पुन्हा गेलो. पुन्हा उभी. दुपारी नातीची टोपी घालून गेलो, तिच्यासाठी केलेला शिरा घेऊन. ती उभी राहिली आणि शिऱ्याकडे बघून रडायला लागली. नात दारात होती. तिने वाटी माझ्या हातातून घेतली आणि मराठीत म्हणाली, "मी देते. तुम्ही जा, आजोबा." इतकं सलग मराठी तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी मी घरभर सांगत सुटलो असतो.

मी हो किंवा नाही एवढ्याच दोन उत्तरांची तयारी करून गेलो होतो. ती ओळखेल किंवा ओळखणार नाही. ती मला ओळखायची नाहीच, पण माझ्या हाताने जेवायची, आणि मी त्याला काही नाही असं समजत होतो. तेही मी गायझरसमोर घालवून आलो. आता मी तिच्याकडे चोवीस तास बघायचं म्हणजे तिने चोवीस तास उभं राहायचं.

सोमवारी सकाळी मुलगी कामाला निघण्याआधी माझ्यासमोर येऊन बसली. फोन टेबलावर ठेवला.

"काय सांगू त्यांना?"

"ठरलंय ना आपलं. तू म्हणशील तसं."

"मला नाही म्हणायचं, बाबा. तुम्ही म्हणा."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझा आवाज ऐकून ती उठली असणार.

"हो म्हण," मी म्हणालो. जमेल तेवढ्या हळू आवाजात.

आता मी दुपारी बसने रेस्ट होमला जातो. आकडे दाबून दार उघडतात. हॉलच्या कोपऱ्यात मोठ्या कुंडीमागे एक खुर्ची आहे, तिथे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलं की ती दिसते आणि मी दिसत नाही. तिला तिथे एक गोरी मैत्रीण मिळाली आहे. दोघी जेवणाच्या टेबलाच्या रुमालांच्या घड्या घालतात. ही मराठीत बोलते, ती इंग्रजीत, आणि दोघींचं पटतं. ती चांगली जेवते. वजन वाढलंय. केस कोणीतरी नीट विंचरतं, भांग मात्र चुकीच्या बाजूला पाडतं. ते सांगायला जावं तर कुंडीमागून बाहेर यावं लागेल.

मागच्या आठवड्यात एका नव्या नर्सने मला तिथे बसलेलं पाहिलं. तिला वाटलं, म्हातारा लाजतोय. ती मोठ्या प्रेमाने बायकोचा हात धरून तिला माझ्यापर्यंत घेऊन आली. "लुक हू इज हियर, डिअर."

बायकोने पाहिलं. हातातला रुमाल मुठीत धरला, पाय जुळवले आणि मान खाली घातली.

"बसा," मी म्हणालो. "तास संपला."

ती बसली नाही. सर वर्गात असताना कसं बसणार. नर्स तिच्यासाठी खुर्ची ओढत होती, पुन्हा पुन्हा सांगत होती. मी टोपी उचलली, दाराशी गेलो, आकडे दाबून घेतले. दाराला काच आहे. बाहेरून पाहिलं तर ती बसली होती आणि मुठीतला रुमाल मांडीवर सरळ करत होती.

मी जातो रोज. फार वेळ थांबत नाही.